चहा निवतो, पण आपोआप तापत का नाही? ऊष्मागतिकी आणि सांख्यिकीय यामिकी यांची ओळख

या मालेत याआधी आपण गती, बल आणि ऊर्जा यांच्याविषयी बोललो. आजचा विषय ऊष्मागतिकी आणि सांख्यिकीय यामिकी. नावं जड आहेत, पण आजचा प्रश्न एका कपात मावेल एवढाच आहे. टेबलावर ठेवलेला चहा निवतो. निवलेला चहा तसाच ठेवून कितीही वाट पाहिली तरी तो आपोआप तापत नाही. का नाही?

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. बी.एस्सी. भौतिकीत केलं, मग वाट बदलली, आणि पुढे बरीच वर्षं विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवलं. त्या वर्गाला भौतिकीची मुलंही यायची. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, न्यूटनचे नियम काळ उलटा केला तरी तसेच राहतात, असं तुम्हीच मागच्या तासाला सांगितलंत. मग निवलेल्या चहाच्या रेणूंना परत गरम व्हायला अडवतं कोण?" आम्ही म्हणालो, "ऊष्मागतिकीचा दुसरा नियम अडवतो." तो "बरं सर" म्हणाला आणि खाली बसला.

ते उत्तर नव्हतं. "नियम अडवतो" म्हणणं म्हणजे "अडतं, कारण अडतं" असं म्हणणं. नियम काही दारावर उभा राहून रेणूंना परत पाठवत नाही. त्या मुलाला त्या दिवशी जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगायचा प्रयत्न करतो आहोत. उशीर झाला आहे, पण प्रश्न अजून तसाच ताजा आहे.

इंजिनापासून सुरुवात

ऊष्मागतिकी जन्माला आली ती वाफेच्या इंजिनापोटी. साल १८२४. सादी कार्नो नावाच्या २८ वर्षांच्या फ्रेंच अभियंत्यानं एक छोटं पुस्तक छापलं. त्याचा प्रश्न व्यवहारातला होता. इंजिनात कोळसा जाळून उष्णता मिळते, तिच्यातून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? यंत्र सुधारत गेलो तर ही मर्यादा वाढतच जाईल का?

कार्नोनं पाणचक्कीशी तुलना केली. पाणचक्की चालते ती पाणी वरून खाली पडतं म्हणून. नुसतं पाणी असून भागत नाही, उंचीत फरक लागतो. तसंच इंजिनाला नुसती उष्णता पुरत नाही, तापमानात फरक लागतो. एक गरम बाजू हवी आणि एक थंड बाजू हवी. मर्यादा ठरते ती या दोन तापमानांवरून, यंत्र कोणी बनवलं यावरून नाही. उष्णता म्हणजे न आटणारा एक द्रव, ही त्या काळची समजूत त्या पुस्तकात आहे आणि ती चुकीची ठरली. तरीही निष्कर्ष टिकला. असं विज्ञानात कधी कधी होतं. कार्नो १८३२ साली कॉलऱ्यानं गेला. वय अवघं ३६. पुस्तकाकडे त्याच्या हयातीत फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

आजच्या भाषेत ती मर्यादा अशी लिहितात : एक वजा थंड बाजूचं तापमान भागिले गरम बाजूचं तापमान. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, हे परीक्षेत विसरू नका. औष्णिक वीजकेंद्राचं उदाहरण घ्या. वाफ ५४० अंश सेल्सियस, म्हणजे साधारण ८१३ केल्विन. थंड बाजू ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन. उत्तर येतं सुमारे ६३ टक्के. ही वरची हद्द झाली. कोळशावर चालणारी केंद्रं प्रत्यक्षात ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असतात. चंद्रपूरला किंवा कोराडीला शीतकरणाचे उंच मनोरे दिसतात, त्यांतून पांढरे ढग निघत असतात. ती टाकून दिलेली उष्णता आहे. लोकांना वाटतं, हा निव्वळ अपव्यय, कोणी तरी थांबवायला हवा. काही भाग थांबवता येईलही, पण सगळा नाही. थंड बाजूला उष्णता सोडल्याशिवाय इंजिनाचं चक्र पुरंच होत नाही.

क्लाउझियसचा हिशेब

पुढे जेम्स जूल आणि इतरांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं की उष्णता हा द्रव नाही, ते ऊर्जेच्या देवघेवीचं एक रूप आहे. एकूण ऊर्जा कायम राहते. हा पहिला नियम. पण आपल्या चहाला पहिल्या नियमाचं काहीच बंधन नाही. खोलीतून थोडी ऊर्जा चहात आली, खोली किंचित गार झाली आणि चहा तापला, तर जमाखर्च बरोबर जुळतो. पहिला नियम खुशाल संमती देईल. तरी असं घडत नाही. म्हणजे आणखी काहीतरी आहे.

ते काहीतरी मोजण्यासाठी जर्मन भौतिकतज्ज्ञ रुडॉल्फ क्लाउझियस यानं एक राशी तयार केली आणि १८६५ साली तिला ग्रीक शब्दावरून नाव दिलं, एन्ट्रॉपी. हिशेब सोपा आहे. वस्तूत जेवढी उष्णता गेली, तिला त्या वस्तूच्या तापमानानं भागा. तेवढी एन्ट्रॉपी वाढली. उष्णता बाहेर पडली तर तेवढी कमी झाली.

आता आपला कप. चहा साधारण ३६० केल्विन, म्हणजे ८७ अंश सेल्सियस. खोली ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश. समजा चहातून खोलीत १,८०० जूल उष्णता गेली. सव्वाशे मिलीलिटरचा कप असेल तर तो तीन-साडेतीन अंशांनी निवला. चहाची एन्ट्रॉपी कमी झाली : १,८०० भागिले ३६०, म्हणजे ५ एकक. खोलीची वाढली : १,८०० भागिले ३००, म्हणजे ६ एकक. (एकक म्हणजे इथे जूल प्रति केल्विन.) ऊर्जा तेवढीच राहिली, एन्ट्रॉपी मात्र १ नं वाढली. उलट घडलं असतं तर १ नं घटली असती. दुसरा नियम सांगतो की बाहेरच्या जगाशी देवघेव नसलेल्या व्यवस्थेत एन्ट्रॉपी घटत नाही.

हा १ लक्षात ठेवा. थोड्या वेळानं त्याच्याकडे परत यायचं आहे.

क्लाउझियसचा हिशेब अचूक आहे. पण एन्ट्रॉपी आहे तरी काय? भागाकार करता येतो म्हणजे वस्तू समजली असं नाही. आणि ती का घटत नाही, हे तर त्यानं कळतच नाही. आमच्या वर्गातला मुलगा अजून खाली बसलेलाच आहे.

मोजणी

इथे व्हिएन्नाचा लुडविग बोल्ट्झमान येतो. त्याचा विचार असा : चहा म्हणजे रेणूंची प्रचंड गर्दी. आपल्याला बाहेरून दिसतं ते एवढंच, की तापमान इतकं, दाब इतका, आकारमान इतकं. आत कोणता रेणू कुठे आहे, किती वेगानं चालला आहे, हे दिसत नाही. बाहेरून एकच दिसणारी स्थिती आतून असंख्य वेगवेगळ्या रचनांनी साधता येते. त्या रचना मोजा.

लहान आकड्यांवर करून बघू. एक डबा घ्या, मधे काल्पनिक रेघ मारा. डब्यात चार रेणू आहेत, प्रत्येक एक तर डावीकडे किंवा उजवीकडे. एकूण रचना १६. चारही डावीकडे, अशी रचना फक्त १. दोन इकडे, दोन तिकडे, अशा रचना ६. चार रेणू असतील तर सगळे डावीकडे जमलेले अधूनमधून दिसतील. त्यात नवल नाही.

आता शंभर रेणू घ्या. एकूण रचना दोनचा शंभरावा घात, म्हणजे साधारण एकावर तीस शून्यं. सगळे डावीकडे, अशी रचना अजूनही एकच. नेमके पन्नास-पन्नास अशा रचना मात्र एकावर एकोणतीस शून्यं इतक्या. समजा दर सेकंदाला शंभर कोटी वेळा रचना बदलते आणि प्रत्येक रचनेला सारखीच संधी आहे. तर सगळे डावीकडे जमलेले एकदा दिसायला सरासरी चाळीस लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे त्याच्या जवळजवळ तीन हजार पट. हे फक्त शंभर रेणूंचं झालं. एक लिटर हवेत सुमारे २५ गुणिले १० चा २१ वा घात इतके रेणू असतात.

म्हणजे हवा डब्याच्या एका कोपऱ्यात का जमत नाही? तिला कोणी अडवलेलं नाही. पसरलेल्या रचना इतक्या अफाट आहेत की रेणू आपल्या वाटेनं फिरत राहिले की त्यांतल्याच एखाद्या रचनेत सापडतात. एवढंच.

बोल्ट्झमाननं १८७७ साली एन्ट्रॉपीचं नातं या रचनांच्या संख्येशी जोडलं. आज आपण लिहितो ते सूत्र, एस बरोबर के लॉग डब्ल्यू, या रूपात मांडलं माक्स प्लांकनं, आणि व्हिएन्नात बोल्ट्झमानच्या समाधीवर ते कोरलेलं आहे. डब्ल्यू म्हणजे रचनांची संख्या, एस म्हणजे एन्ट्रॉपी. के हा बोल्ट्झमानचा स्थिरांक : १.३८०६४९ भागिले १० चा २३ वा घात, जूल प्रति केल्विन. २०१९ पासून केल्विनची व्याख्याच या आकड्यावरून केली जाते.

लॉग कशाला? दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर त्यांच्या रचनांचा गुणाकार होतो, एन्ट्रॉपीची मात्र बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करणारं आपल्याजवळचं साधन म्हणजे लॉग.

आता तो मघाचा १ काढा. एक एकक एन्ट्रॉपी वाढली, म्हणजे रचना किती पटींनी वाढल्या? एकाला के नं भागा, आणि मग लॉग उलटा करा. उत्तर येतं ते एक आकडा नव्हे, अंकांची रांग आहे. त्या संख्येत सुमारे ३ गुणिले १० चा २२ वा घात इतके अंक आहेत. लक्षात घ्या, ही संख्या नव्हे, तिच्यातल्या अंकांची संख्या झाली. चहा साडेतीन अंशांनी आपोआप तापण्याच्या विरुद्ध इतकं पारडं जड आहे. क्लाउझियसचा भागाकार आणि बोल्ट्झमानची मोजणी इथे एकमेकांना भेटतात.

मग तापमान म्हणजे काय?

आता तापमानाकडेही नव्यानं बघता येतं. शंभर रुपये रोजंदारीवर काम करणाऱ्याच्या हातात दिले तर त्याच्या दिवसात मोठा फरक पडतो. तेच सराफाच्या गल्ल्यात टाकले तर पत्ताही लागत नाही. ऊर्जेचं तसंच आहे. एक जूल थंड वस्तूला दिला तर तिच्या रचना पुष्कळ पटींनी वाढतात. तोच जूल गरम वस्तूला दिला तर त्या मानानं कमी पटींनी. दर जूलमागे एन्ट्रॉपी किती वाढते, त्याचा व्यस्त म्हणजे तापमान. म्हणून जूल गरमाकडून थंडाकडे गेला की एकूण मोजणीत फायदा होतो. दोघांचा भाव सारखा झाला की देवघेव थांबते. त्यालाच आपण "तापमान सारखं झालं" म्हणतो.

यातूनच तुमच्या अभ्यासक्रमातला बोल्ट्झमान गुणक निघतो. एखाद्या रेणूनं ई इतकी ऊर्जा स्वतःकडे घेतली तर भोवतालाकडे तेवढी कमी उरते आणि भोवतालाच्या रचना घटतात. किती पटीनं? ई भागिले केटी या घातानुसार. म्हणून जास्त ऊर्जेच्या स्थिती विरळ असतात. हवेचंच बघा. रेणू वर न्यायला ऊर्जा लागते. हिशेब केला तर दर साडेआठ किलोमीटरला हवा साधारण २.७ पटींनी विरळ व्हायला हवी. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर, आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. वर थंडी आहे म्हणून थोडा फरक पडतो, पण जुळतं. ओले कपडे शंभर अंशांना न तापवता वाळतात, ते याच हिशेबानं. पाणी सोडून उडून जाण्याइतकी ऊर्जा थोड्या रेणूंजवळ नेहमीच असते.

हे सगळं पद्धतशीर बसवण्याचं मोठं काम अमेरिकेच्या जोसाया विलर्ड गिब्जनं केलं. त्याचा ग्रंथ १९०२ चा. सांख्यिकीय यामिकी हे नावही त्याच्याचमुळे रूढ झालं.

लोश्मिटचा आक्षेप

इथे थांबलो असतो तर व्याख्यान छान संपलं असतं. पण त्या मुलाचा प्रश्न पुरा सुटलेला नाही.

त्याच्याच सारखा प्रश्न बोल्ट्झमानला त्याच्या ज्येष्ठ मित्रानं, योझेफ लोश्मिटनं, १८७६ साली विचारला होता. समजा चहा निवत असताना एका क्षणी कपातल्या आणि खोलीतल्या प्रत्येक रेणूचा वेग नेमका उलटा केला. यामिकीचे नियम दोन्ही दिशांना सारखेच. मग रेणू आल्या वाटेनं परत जातील आणि चहा तापेल. नियम कुठेही मोडलेला नाही. मग एन्ट्रॉपी वाढतेच, हे तुम्ही यामिकीतून सिद्ध केलं कसं?

हा आक्षेप काल्पनिक आहे असं समजू नका. १९५० साली अर्विन हान या अमेरिकन भौतिकतज्ज्ञानं त्याचा एक नमुना प्रत्यक्ष करून दाखवला. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांची फिरकी आधी एका तालात असते, मग हळूहळू ताल सुटतो आणि संकेत विरून जातो. हाननं एक योग्य स्पंद दिला आणि विरलेला संकेत प्रतिध्वनीसारखा परत आला. मैदानातून मुलं एकदम निघाली, कोणी जलद, कोणी सावकाश, सगळी पांगली. मग शिट्टी वाजली, "मागे फिरा". ज्याचा त्याचा वेग तोच राहिला तर सगळी एकाच वेळी आरंभरेषेवर पोचतील. एमआरआय तपासणीत हे तंत्र रोज वापरलं जातं. म्हणजे पांगलेलं परत येऊ शकतं, जर उलटा फेरा नेमका जमवता आला तर. चहाच्या बाबतीत तो जमवणं आपल्या हाताबाहेरचं आहे.

बोल्ट्झमानचं उत्तर असं होतं : बरोबर, अशा उलट्या रचना आहेत. पण सगळ्या रचनांत त्यांचं प्रमाण नगण्य आहे. दुसरा नियम "अशक्य आहे" असं सांगत नाही, "अतिशय असंभाव्य आहे" असं सांगतो. आणि व्यवस्था लहान केली तर हे अपवाद दिसूही लागतात. २००२ साली कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पाण्यातल्या अतिसूक्ष्म मण्यांवर प्रयोग झाले, त्यांत थोड्या काळापुरती एन्ट्रॉपी घटलेली मोजता आली.

उत्तर चांगलं आहे. पण त्यात एक भोक आहे, आणि पाठ्यपुस्तकं बऱ्याचदा त्यावरून अलगद उडी मारतात.

असं बघा. आत्ता टेबलावर एक कोमट कप आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. मोजणीला विचारा, अर्ध्या तासानं काय असेल? ती म्हणेल, निवलेला असेल. बरोबर. आता विचारा, अर्ध्या तासापूर्वी काय होतं? मोजणीला भूत-भविष्य काही कळत नाही. ती तोच हिशेब लावेल आणि म्हणेल, अर्ध्या तासापूर्वीही निवलेलाच असणार, मधे योगायोगानं थोडा तापला असेल. हे धादांत खोटं आहे. अर्ध्या तासापूर्वी तो वाफाळता होता, आम्हीच ओतला होता.

म्हणजे नुसत्या मोजणीतून काळाची दिशा निघत नाही. मोजणी दोन्हीकडे सारखीच बोलते. दिशा येते ती दुसऱ्या एका गोष्टीतून : भूतकाळात एन्ट्रॉपी कमी होती, या वस्तुस्थितीतून. ही वस्तुस्थिती नियमांत लिहिलेली नाही. ती आपल्याला वेगळी मांडावी लागते.

चहा गरम होता कशामुळे?

म्हणून "चहा का निवतो" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा : तो मुळात गरम होता कशामुळे?

मागे मागे जाऊ. गरम होता, कारण गॅसवर उकळला. गॅस आला खनिज तेलातून आणि नैसर्गिक वायूतून. ते बनलं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांतून. त्या जीवसृष्टीला ऊर्जा मिळाली सूर्याकडून. सूर्य तळपतो, भोवतालचं आकाश गार आहे. कार्नोला हवी होती तशी एक गरम आणि एक थंड बाजू. सूर्य बनला वायूच्या विरळ ढगातून, गुरुत्वाकर्षणानं आकसत. आणि तो ढग? तो आरंभीच्या विश्वातून आला, जिथे द्रव्य जवळजवळ एकसारखं पसरलेलं होतं. विश्वातून सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या तापमानात आज लाखात एक भाग एवढाच चढउतार दिसतो, तो त्याचाच पुरावा.

इथे कोणी म्हणेल, एकसारखं पसरलेलं म्हणजे तर जास्त एन्ट्रॉपी ना? डब्यातल्या हवेसाठी हो. पण जिथे गुरुत्वाकर्षणाचं राज्य आहे तिथे उलट आहे. तिथे द्रव्य गोळा होण्याकडे कल असतो आणि गोळा होताना एकूण एन्ट्रॉपी वाढते. तेव्हा एकसारखं पसरलेलं आरंभीचं विश्व ही फारच कमी एन्ट्रॉपीची, म्हणजे मोजणीच्या दृष्टीनं अतिशय दुर्मीळ स्थिती होती. ती तशी का होती, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर आज भौतिकीजवळ नाही.

त्या मुलाला आज आम्ही असं सांगू : "बाळ, रेणूंना कोणी अडवलेलं नाही. परतीच्या वाटा आहेत, पण त्या इतक्या थोड्या आहेत की त्यांवर पाऊल पडत नाही. आणि आपण सगळे एकाच दिशेनं चाललो आहोत, कारण सुरुवात एका फार दुर्मीळ जागेपासून झाली. ती तिथून का झाली, हे कोणालाच नीट माहीत नाही. तू शोध." या शेवटच्या दोन शब्दांसाठी तरी त्याला खाली बसवायला नको होतं.

बोल्ट्झमान १९०६ साली गेला. त्यानं आत्महत्या केली. मनाच्या आजारानं तो बरीच वर्षं त्रासलेला होता, त्याचं कारण एका वादात शोधू नये. पण अणू खरे आहेत की नुसती सोयीची कल्पना, हा वाद त्याच्या आयुष्यभर चालू होता, आणि त्याच व्हिएन्नात एर्न्स्ट माख अणू मानायला तयार नव्हता, हे खरं. १९०५ मध्ये आइनस्टाइननं पाण्यात तरंगणाऱ्या कणांच्या थरथरीचा हिशेब मांडला, १९०८ पासून झां पेरँनं तो प्रयोगानं पडताळला आणि अणूंबद्दलचा संशय मिटला. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं. बोल्ट्झमानची मोजणी खऱ्या वस्तूंचीच मोजणी ठरली.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

प्रश्न : एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं सगळीकडे वाचतो. मग जीवसृष्टी इतकी सुव्यवस्थित कशी? दुसरा नियम मोडतो का?

अव्यवस्था हा शब्द शक्यतो टाळा. घरातला पसारा म्हणजे एन्ट्रॉपी नव्हे. रचनांची संख्या, एवढंच म्हणा. जीवसृष्टीचं म्हणाल तर पृथ्वी ही बंद पेटी नाही. फ्रिजच्या आत गारवा होतो, पण मागे हात लावून बघा, तिथे गरम हवा लागते. पृथ्वीचं तसंच. तिला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ती आकाशात परत सोडते. फरक रूपात आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनचा, आणि पृथ्वी सोडते ते प्रारण सरासरी २५५ केल्विनचं. प्रकाशाचा एक कण आत येतो, त्याबदली अवरक्त प्रकाशाचे वीसेक कण बाहेर जातात. बाहेर जाणारी एन्ट्रॉपी आत येणारीपेक्षा कितीतरी जास्त. या फरकावर झाड वाढतं, आपणही वाढतो. नियम कुठेच मोडत नाही.

प्रश्न : पुंजयामिकी आल्यावर ही मोजणी बदलली का?

मोजायची पद्धत बदलली, आणि त्यात आपल्याकडचं एक मोठं नाव आहे. दोन नाणी उडवली तर आपण चार शक्यता मोजतो : छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा. कारण हे नाणं वेगळं, ते वेगळं. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी वेगळ्या रीतीनं केली. तिचा अर्थ असा निघाला की प्रकाशाचे दोन कण असे वेगळे ओळखताच येत नाहीत. म्हणून मधल्या दोन शक्यता एकच, आणि एकूण तीन. एवढ्या बदलानं प्लांकचं प्रारणाचं सूत्र सरळ हाती आलं. बोस यांनी तो लेख आइनस्टाइनला पाठवला, त्यानं स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून तो छापवला. तेव्हा परीक्षेत रचना मोजायला बसाल तेव्हा आधी स्वतःला विचारा, काय वेगळं धरायचं आणि काय एकच धरायचं. पाठ्यपुस्तकात "सर्व रचनांना समान संधी" असं वाक्य येईल. ते सिद्ध केलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारा. त्यांनी "नियमच आहे" म्हटलं तर लगेच खाली बसू नका.

आज इथेच थांबू.